शब्दशिक्षणातील गमतीची चित्रे आणि स्मरणयुक्त्या

परक्या भाषेतला शब्द मुलाच्या लक्षात राहत नाही, तेव्हा दोष बहुधा मुलाच्या आळसाचा नसतो. शब्दाचा उच्चार आणि त्याचा अर्थ यांच्यात त्याला काहीच नाते दिसत नाही, ही खरी अडचण असते. इंग्रजीतला ‘पिलो’ म्हणजे उशी. पण ‘पिलो’ या आवाजात उशीची काहीच खूण नाही. म्हणून तो शब्द घोकावा लागतो आणि घोकलेले चार दिवसांत विरते. गमतीचे चित्र हे तुटलेले नाते जोडून देते. ‘पिलो’ ऐकताच मराठी कानाला ‘पिल्लू’ आठवते. कोंबडीचे पिल्लू मोठ्या उशीवर मान टाकून, पांघरूण ओढून घोरत पडले आहे असे चित्र दाखवले, की आवाजावरून पिल्लू आणि पिल्लावरून उशी आठवते. आवाज, ओळखीचा शब्द आणि अर्थ अशी ही साखळी आहे.

उदाहरणार्थ, जालना जिल्ह्यात या पद्धतीची गरज का आहे, हे तिथल्या भाषांकडे पाहिले की कळते. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, अंबड, भोकरदन, बदनापूर, घनसावंगी, परतूर, मंठा आणि जाफ्राबाद असे त्याचे आठ तालुके. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शिक्षणावर व कारभारावर उर्दूचा पगडा होता. आजही जालना शहरात उर्दू घराघरांत बोलली जाते, बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोली चालते आणि गावोगावची मराठी पाठ्यपुस्तकातल्या मराठीहून बरीच वेगळी असते. त्यात महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. खेड्यातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी वर्गाबाहेर फारशी पडत नाही. एका दिवसात नवे शब्द सात-आठ आणि ते पुन्हा ऐकण्याची संधी जवळपास नाही, अशा परिस्थितीत पहिल्याच ऐकण्यात शब्द पकडून ठेवणारी कोणतीही युक्ती मोलाची ठरते.

जुनी परंपरा

स्मरणयुक्त्या मराठी शाळेला नव्या नाहीत. इंद्रधनुष्याचे रंग ‘तानापिहिनिपाजा’ या एका शब्दात बसवून पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले. महिन्यांचे दिवस मुठीच्या उंचवट्यांवर आणि खाचांवर मोजले गेले. छंदशास्त्रातले गण लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगम्’ हे सूत्र आहे. त्यातल्या पहिल्या आठांपैकी कोणतेही अक्षर घेऊन पुढची दोन जोडली की त्या गणाचा लघुगुरुक्रम आपोआप मिळतो. ‘यमाता’ म्हणजे य-गण, एक लघु आणि दोन गुरू. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, तिथे त्यांचा जन्म १६०८ मध्ये झाला. त्यांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत, म्हणजे प्रत्येक चरणात चार य-गण. अक्षरओळख नसलेल्यांनाही ते तोंडपाठ झाले, यात या ठेक्याचा वाटा मोठा आहे. तिथे स्मरणाचा आधार आवाजाच्या चालीत होता, चित्रात नव्हता.

चित्राचा आधार मराठी घरात आला तो अंकलिपीतून. ‘ग गणपतीचा’, ‘ज्ञ ज्ञानेश्वरांचा’ हे पाठ करतच मुले अक्षरे शिकली. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी सुरू होणारे रोजचे शब्द मराठीत नाहीत, म्हणून ‘बाण’ आणि ‘बाळ’ यांच्या शेवटच्या अक्षराकडे बोट दाखवावे लागले. युरोपात याच विचाराचे प्रसिद्ध पुस्तक म्हणजे कोमेनियसचे १६५८ मधले ‘ऑर्बिस पिक्टस’. त्यात चित्र आणि लॅटिन शब्द शेजारी शेजारी छापले होते. त्याहून कितीतरी आधी रोमन वक्तृत्वशास्त्राने सांगून ठेवले होते की साधी प्रतिमा विसरली जाते. विलक्षण, हास्यास्पद किंवा धक्का देणारी प्रतिमा टिकते.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत हसरे चित्र मानाने बसवण्याचे श्रेय फार मोठ्या चित्रकारांना जाते. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीने प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी शि. द. फडणीस यांच्याकडून चित्रे काढून घेतली, आणि ज्या विषयाचा मुलांनी धसका घेतला होता त्याची पाने मुले आपणहून उलटू लागली. फडणीसांची व्यंगचित्रे बहुतांशी शब्दाविना असतात. विनोद कुठे आहे ते पाहणाऱ्याने स्वतः शोधायचे असते. शिक्षणाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण शोधताना मूल चित्राचा कानाकोपरा तपासते आणि जे स्वतः शोधले ते सहजी विसरत नाही. गोव्याचे मारिओ मिरांडा यांची चित्रे बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांत होती. त्या पुस्तकांवर शिकलेल्या अनेक प्रौढांना धड्यातली वाक्ये आठवत नाहीत, पण टपोऱ्या डोळ्यांची ती गर्दीतली माणसे आठवतात. यातच या साधनाची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही आहेत: चित्र लक्षात राहिले म्हणजे शब्द लक्षात राहिला असे होत नाही.

संशोधन काय सांगते

आवाजाच्या साम्यावरून ओळखीचा शब्द, म्हणजे दुवा, शोधायचा आणि त्याचे अर्थाशी चित्र जुळवायचे, या पद्धतीला ‘कीवर्ड मेथड’ हे नाव आणि शास्त्रीय पाया मिळाला तो १९७५ मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकल रॉ यांनी विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले. दुव्याचा शब्द देऊन शिकलेल्यांना ७२ टक्के शब्दांचे अर्थ सांगता आले, नुसत्या पाठांतराने शिकलेल्यांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी अचानक घेतलेल्या परीक्षेत हे प्रमाण ४३ आणि २८ टक्के होते. फरक टिकला, पण दोन्ही गट बरेच विसरलेही.

हे प्रौढांचे झाले. लहान मुलांबद्दलचा महत्त्वाचा निष्कर्ष मायकल प्रेस्ली आणि जोएल लेविन यांच्या १९७८ च्या अभ्यासात आहे. सहावीच्या मुलांना ‘मनात चित्र आणा’ एवढे सांगितले तरी पुरले. दुसरीच्या मुलांना मात्र तयार चित्र हातात दिले तेव्हाच फायदा झाला. म्हणजे पहिली ते तिसरीच्या वर्गात चित्र काढण्याची जबाबदारी शिक्षकाची. चौथी-पाचवीपासून ती हळूहळू मुलांकडे द्यायची. पुढे मार्गो मास्ट्रोपिएरी आणि थॉमस स्क्रग्ज यांनी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसोबत हीच पद्धत वापरली आणि त्यांना तिचा विशेष लाभ झाल्याचे दाखवून दिले. मागे राहिलेल्या मुलासाठी एखादे साधन खास उपयोगी पडते, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ते प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवे.

चित्र विचित्र असावे की नाही, यावर बराच वाद झाला. १९७२ मध्ये वोलेन, वेबर आणि लाउरी यांनी दाखवले की दोन वस्तू चित्रात एकमेकींशी काही करत असतील तर जोडी आठवते. नुसत्या विचित्र असून वेगवेगळ्या उभ्या असतील तर आठवत नाही. मॅकडॅनियल आणि आइनस्टाइन यांनी १९८६ मध्ये त्यात भर घातली: साध्या प्रतिमांच्या घोळक्यात मोजक्या विचित्र प्रतिमा असतील तरच विचित्रपणाचा उपयोग होतो. विनोदी वाक्यांबद्दल स्टीफन श्मिट यांनी १९९४ मध्ये असेच निरीक्षण नोंदवले. याचा वर्गातला अर्थ सरळ आहे. दहाच्या दहा शब्दांना हास्यचित्रे लावली तर त्यातले एकही वेगळे उठून दिसत नाही. दिवसाला दोन किंवा तीन अवघड शब्द निवडावेत, बाकीचे साध्या चित्राने, वस्तूने किंवा कृतीने शिकवावेत.

वर्गात

द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसलेली आहे आणि शब्द आहे ‘बॉइल’, म्हणजे उकळणे. शिक्षक शब्द स्पष्ट उच्चारात तीनदा म्हणतात आणि विचारतात, “कशासारखं ऐकू येतं?” पुढच्या रांगेतून उत्तर येते, “बैल!” मग फळ्यावर खडूने बैल उभा राहतो: गळ्यात घुंगरमाळ, पुढच्या एका पायात पळी, समोर चुलीवर चहाचे पातेले, त्यातून वाफ आणि बुडबुडे. चित्र सुबक नसले तरी चालते, पण बैल आणि उकळता चहा यांचा संबंध चित्रात दिसलाच पाहिजे. बैल एकीकडे आणि चहा दुसरीकडे असे काढले तर ते चित्र फुकट.

इथेच सर्वांत नेहमीची चूक होते. दुसऱ्या दिवशी ‘बॉइल म्हणजे काय?’ असे विचारले की एखादे लेकरू उत्साहाने ‘बैल’ म्हणते. साखळी अर्ध्यावर तुटलेली असते. अशा वेळी चूक म्हणून झिडकारायचे नाही, पुढचा प्रश्न विचारायचा: “बैल काय करतोय?” “चहा उकळतोय.” “मग बॉइल म्हणजे?” दोन-तीन वेळा असे झाले की बैल मधून गळून पडतो आणि ‘बॉइल’ म्हणताच उकळणे आठवते. दुवा गळून पडणे हेच या पद्धतीचे यश. उच्चाराकडेही तेव्हाच लक्ष द्यावे लागते, नाहीतर ‘बॉइल’चा कायमचा ‘बैल’ होऊन बसतो.

मराठी कानाला असे दुवे पुष्कळ सापडतात. ‘नॉक’ म्हणजे दार ठोठावणे; पाहुणा लांबलचक नाकाने दारावर टकटक करतो. ‘पडल’ म्हणजे डबके. शाळेच्या वाटेवर पोरगं चिखलपाण्यात पडलंय आणि दप्तर तरंगतंय. ‘गोट’ म्हणजे शेळी. शेळी रिंगणात वाकून गोट्या खेळते. ‘नॅरो’ म्हणजे अरुंद. नवरा घोड्यासकट बोळात अडकला आहे आणि मागे बँडवाले खोळंबलेत. ‘मड’ म्हणजे चिखल आणि मडके चिखलाचेच बनते, तेव्हा तिथे तर गमतीचीही गरज नाही. चांगल्या दुव्याची कसोटी अशी की शब्दाच्या सुरुवातीचा आवाज जुळावा, दुव्याचा शब्द चित्रात काढता यावा आणि तो मुलाच्या रोजच्या बोलण्यातला असावा. मुंबईच्या एखाद्या वर्गात लोकल गाडीचा दुवा चालेल. मंठ्याच्या शाळेत बैल, गोट्या आणि वरात चालतात.

काही साम्ये फसवी असतात. इंग्रजी ‘पॉट’ म्हणजे भांडे, पण मराठी कान तिथे ‘पोट’ ऐकतो आणि दोन्ही गोष्टी गोल, दोन्हींत अन्न. चित्रात भांड्यासारखे पोट काढले तर मुलाला नेमके काय शिकायचे तेच कळत नाही. ‘पॅन’ आणि ‘पान’, ‘मॅन’ आणि ‘मान’ यांचेही तसेच. दुवा आणि अर्थ एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत, इतके वेगळे की त्यांना एकत्र पाहूनच हसू यावे.

स्पेलिंगसाठी दुव्याच्या शब्दाचा उपयोग नाही. ‘नॉक’च्या स्पेलिंगमधले पहिले, उच्चारात नसलेले अक्षर नाकाच्या चित्रातून कधीच कळणार नाही. स्पेलिंगच्या युक्त्या वेगळ्या असतात आणि त्या शाळाशाळांतून तोंडी चालत आल्या आहेत. ‘असॅसिनेशन’ हा लांबलचक शब्द ‘गाढवावर गाढव, त्यावर मी, माझ्यावर राष्ट्र’ असा फोडून कित्येकजण लिहायला शिकले. ‘टुगेदर’चे ‘टू-गेट-हर’ असे तुकडे करणेही त्याच जातीचे. अशा युक्त्या मोजक्याच असाव्यात. प्रत्येक स्पेलिंगला एक गोष्ट लावली तर गोष्टीच पाठ कराव्या लागतील.

अक्षरओळखीसाठी मात्र चित्राचा एक वापर अजून पुरेसा झालेला नाही. लिनिया एरी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की अक्षराशेजारी वस्तूचे चित्र ठेवण्यापेक्षा अक्षराच्या आकारातच वस्तू काढली तर मुले अक्षर आणि त्याचा आवाज लवकर जोडतात. अंकलिपीतला गणपती ‘ग’च्या शेजारी बसलेला असतो, त्याच्याकडे पाहून ‘ग’चा आकार आठवत नाही. ‘ग’च्या डावीकडच्या आकड्याचीच सोंड केली तर? ‘व’च्या गोल पोटाला जांभळा रंग आणि वर हिरवा देठ देऊन त्याचे वांगे केले तर? देवनागरीचे वळणदार आकार अशा चित्रांना फार अनुकूल आहेत. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाल्यानंतर जिल्हा परिषद शाळांच्या फरश्या आणि भिंती रंगल्या. त्या रंगकामात अक्षरचित्रांना जागा मिळाली तर पहिलीच्या मुलांना मोठा आधार होईल.

एकच शब्द, वेगळे कान

दुवा आवाजावर उभा असल्याने तो ऐकणाऱ्याच्या भाषेवर अवलंबून असतो. ‘पिलो’ ऐकून मराठी मुलाला पिल्लू आठवते, पण उर्दू बोलणाऱ्या मुलाला थेट ‘पी लो’ ऐकू येते. त्याच्यासाठी उशीच्या तोंडाला दुधाचा पेला लावणारी दादी हे चित्र जास्त नेमके आहे. परदेशातल्या मराठी कुटुंबांत साखळी उलटी फिरते: इंग्रजी कानाला ‘पाय’ या मराठी शब्दात ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ ऐकू येतो आणि पायाच्या अंगठ्यावर तोललेला तो पदार्थ काढला की काम होते. छापील पुस्तकात सगळ्यांसाठी एकच चित्र असते, त्यामुळे ही बाजू पाठ्यपुस्तकावर सोडता येत नाही. ती वर्गशिक्षकाचीच आहे.

तांड्यावरून आलेल्या मुलासाठी तर मराठी हीच शाळेत भेटणारी नवी भाषा असते. आईला ‘याडी’ म्हणणाऱ्या मुलाला चित्रातली बाई दाखवून ‘आई’ शिकवताना आधी त्याचा शब्द विचारून घ्यावा आणि तो फळ्यावर मराठी शब्दाच्या शेजारी लिहावा. इथे हसू आणायचा प्रश्नच नाही. मुलाच्या घरचा शब्द वर्गात प्रतिष्ठेने लिहिला जाणे हे पहिले काम आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांसोबत काम करताना मुलाच्या परिसरातल्या वस्तू आणि त्याचे जगणे यांनाच शिक्षणाचे साहित्य केले, तो धडा जालन्याच्या तांड्यांनाही तितकाच लागू आहे. ‘वावर’ म्हणणाऱ्या मुलाला ‘शेत’ आणि ‘माळवं’ म्हणणाऱ्याला ‘भाजीपाला’ शिकवतानाही तेच: आपला शब्द चुकीचा म्हणून पुसला गेला असे त्याला वाटता कामा नये.

विनोदाची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. रंग, अंगकाठी, जात, बोलण्याची ढब, कुणाचे नाव किंवा कुणाच्या बापाचा धंदा यांवरचे हसू वर्गात निषिद्ध मानावे. एका मुलाच्या नावाशी जुळणारा दुवा शब्द शिकवायला कितीही सोयीचा असला तरी ते चित्र त्या मुलाच्या मागे वर्षभर चिडवण्याच्या रूपाने लागते. चहा करणारा बैल आणि नाकाने दार वाजवणारा पाहुणा कुणालाच दुखवत नाहीत.

मर्यादा आणि उजळणी

या पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत. वांग, थॉमस आणि ओलेट यांनी १९९२ मध्ये दाखवले की शिकल्यावर मध्ये उजळणीसारखी परीक्षा न घेता काही दिवसांनी थेट तपासले, तर दुव्याने शिकलेले शब्द पाठांतरापेक्षाही वेगाने विसरले जाऊ शकतात. एलिस आणि बीटन यांच्या १९९३ च्या अभ्यासानुसार परका शब्द ऐकून अर्थ सांगायला दुवा चांगला, पण अर्थावरून परका शब्द बोलून दाखवायला आवाजाची पुनरावृत्तीच लागते. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला, तेव्हा दुव्याच्या शब्दाला कमी उपयोगाच्या गटात टाकले आणि स्वतःला प्रश्न विचारणे व अंतराने उजळणी करणे यांना सर्वांत वर ठेवले. भाववाचक आणि जोडणारे शब्द, म्हणजे ‘प्रामाणिक’, ‘कदाचित’, ‘तरीही’ यांच्या अर्थाचे शब्द, चित्रात धरताच येत नाहीत. ते वाक्यात आणि गोष्टीतच शिकवावे लागतात.

या आक्षेपांचा योग्य अर्थ पद्धत टाकून द्यावी असा नाही. दुवा शब्दाला दारातून आत आणतो. त्याला घरात राहायला लावणारे काम उजळणीचे. म्हणून चित्रकार्डाच्या एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला चित्र असावे, दोन्ही एकत्र कधीच दिसू नयेत. त्याच दिवशी सुटीपूर्वी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने मुलांनी आधी आठवून सांगावे आणि मगच कार्ड उलटावे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये सुचवलेली खोक्यांची पद्धत कोणत्याही शाळेत बुटांच्या रिकाम्या खोक्यांत चालते: आलेले कार्ड पुढच्या खोक्यात, न आलेले पुन्हा पहिल्यात. शेवटच्या खोक्यात पोहोचलेल्या कार्डावरचे चित्र मग झाकून टाकावे. शब्द वाक्यात आणि खेळाच्या सूचनेत वापरला जाऊ लागला की चित्राचे काम संपले.

जालना जिल्ह्यात या वेळापत्रकाला एक मोठी खीळ बसते. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचे शिक्षण चालू राहते. आईबापांबरोबर फडावर गेलेल्यांची उजळणी मात्र नेमकी तेव्हा थांबते जेव्हा ती सर्वांत जास्त हवी असते. अशा मुलाच्या दप्तरात वीस-पंचवीस कार्डांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून द्यायला खर्च जवळपास नाही. चित्र पाहून शब्द ओळखणे हा खेळ कोपीतली, म्हणजे फडावरच्या झोपडीतली, धाकटी भावंडेही घेऊ शकतात, त्यासाठी वाचता येणाऱ्या माणसाची गरज नाही.

शब्दांची निवड करताना आधी जे आहे त्याची मोजदाद करावी. ड्रिप, पाईप, मोटर, स्टार्टर, सीड प्लॉट, रोलिंग मिल, ट्रॅक्टर, ट्रॉली, स्टँड, तिकीट असे कितीतरी इंग्रजी शब्द जालन्याच्या मुलाला शाळेत येण्याआधीच ठाऊक असतात. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी ते गावागावांत नेले आहेत. त्यांना कोणतीही युक्ती लागत नाही, फक्त ते इंग्रजी आहेत हे दाखवून द्यायचे आणि लिहायला शिकवायचे. कृतीने कळणारे शब्द, म्हणजे उठा, बसा, उडी मारा यांसारख्या सूचना, कृतीनेच शिकवाव्यात. उरलेल्यांपैकी ज्यांचा अर्थ चित्रात येतो, ज्यांचा आवाज मुलांच्या बोलीत कुठेतरी जुळतो आणि जे दोनदा शिकवूनही निसटतात, एवढ्यांनाच हास्यचित्र द्यावे. एका सत्रात असे तीस-चाळीस शब्द निघतील. शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने आपली पाच चांगली कार्डे आणली, मुलांच्या तोंडून आलेले दुवे सांगितले आणि फसलेली चित्रेही दाखवली, तर वर्षभरात त्या केंद्राचा स्वतःचा, आपल्या बोलीतला चित्रशब्दसंग्रह तयार होईल.